महालक्ष्म्या कोणाच्या घरी, आणि पूजेला कोणी बसायचे?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, सासर मूळचे रत्नागिरीचे आणि आम्ही राहतो पुण्यात. माहेरी आजीच्या सासूच्या काळापासून उभ्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, आहेत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. पहिल्या वर्षी सण झाला नाही. गेल्या वर्षी सोलापूरहून काका-काकू आले आणि पूजेला ते बसले. आदल्या रात्री साड्या नेसवल्या आईने, पुरण वाटले आईने, फुलोऱ्याच्या करंज्या तळल्या आईने. पण महालक्ष्म्या उंबऱ्यातून आत येताना काकूंनी तिला ‘तुम्ही जरा आत थांबा’ असे हळूच सांगितले. संध्याकाळी हळदीकुंकवाचा करंडा तिच्यापर्यंत आलाच नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने सगळ्यांदेखत विचारले, ‘आजीला कुंकू का नाही लावलं?’ कोणी काही बोलले नाही. आता काका म्हणतात, मुखवटे आमच्या मुलाकडे द्या. परदेशातला भाऊ म्हणतो, विसर्जन करून मोकळे व्हा. मला ते पुण्याला आणावेसे वाटतात. पण लेकीकडे कुळाचार जात नाही, असे सगळे सांगतात. सासूबाई म्हणतात, आपल्याकडे खड्यांच्या गौरी आहेत, एका घरात दोन प्रकार नकोत. आई म्हणते, ‘तुम्ही ठरवाल ते.’ मी परंपरा मोडते आहे की राखते आहे, तेच मला कळेनासे झाले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात काकांचे मत आहे, काकूंचे आहे, भावाचे आहे, सासूबाईंचे आहे आणि तुमचेही आहे. ज्यांच्या घरी या महालक्ष्म्या इतकी वर्षे उभ्या राहिल्या, त्या तुमच्या आईंचे मत मात्र त्यात नाही. ‘तुम्ही ठरवाल ते’ याला मी मत म्हणणार नाही. यजमान गेल्यानंतर घरातले निर्णय आता आपल्याला विचारून होणार नाहीत, हे ज्या बाईला दोन वर्षांत पुरते उमगले आहे, तिचे ते उत्तर आहे. म्हणून मुखवटे गावी राहावेत की पुण्याला यावेत, हा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी आईंना विचारा आणि त्या जे सांगतील त्याला घरात निर्णयाचे वजन मिळेल असे पाहा. माझे मुख्य सांगणे एवढेच आहे. पुढे लिहिते आहे ते त्याच्या पूर्ततेसाठी.

हे विचारणे फोनवर व्हायचे नाही. श्रावणात एखादा शनिवार-रविवार काढून एकट्याच गावी जा. मुखवटे पेटीतून बाहेर काढा, दोघी मिळून चिंच लावून उजळा आणि ते काम चालू असतानाच बोला, कारण हात कामात गुंतलेले असले की आपल्याकडच्या बायकांचे मन मोकळे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘तुझी इच्छा काय’ असा भला मोठा प्रश्न केलात तर पुन्हा तेच मोघम उत्तर मिळेल. त्यापेक्षा नेमके विचारा. यंदा महालक्ष्म्या बसवायच्या का? इथेच, की पुण्याला? पूजेला तू बसशील का? आवाहनाच्या वेळी उंबऱ्यापाशी कोणी असावे असे तुला वाटते? हळदीकुंकवाला तुला कुंकू लावले तर चालेल का? हे प्रश्न एकात एक मिसळू देऊ नका. पूजेला बसण्याची मनापासून ओढ असलेल्या बाईला चारचौघींत कुंकू लावून घ्यायचा संकोच वाटू शकतो. आणि गुडघ्यांमुळे स्वयंपाकाचा भार आता नकोसा झालेल्या बाईला देवी घरात येताना दारात उभे राहणे मात्र हवे असते.

आता ‘असे चालत नाही’ या वाक्याकडे वळते, कारण तुम्हाला सर्वांत अधिक त्रास त्यानेच दिलेला दिसतो. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर त्या जातात, एवढे बहुतेक सगळीकडे सारखे आहे. त्यापलीकडे जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुलखागणिक आणि घरागणिक बदलते. मराठवाड्यात आणि विदर्भात त्या ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणून कोठ्यांवर उभ्या राहतात, कोठीत धान्य भरले जाते, शेजारी त्यांची बाळे असतात आणि पानात आंबील, पुरणपोळी आणि सोळा भाज्या लागतात. तुमच्या सासरच्या मुलखात पाणवठ्यावरून मुलींनी आणलेले खडे हीच गौर असते; शेजारच्या घरी तेरड्याची रोपे गौर म्हणून पुजली जातात. तिला कुठे घावन-घाटल्याचा नैवेद्य, तर कुठे चक्क तिखटाचा, म्हणजे सामिष. तुमच्या माहेरच्या सोवळ्याच्या स्वयंपाकात तिखटाचा शब्दही खपायचा नाही, आणि तरी कोकणातल्या त्या घरांतून गौर संतुष्ट होऊन जाते, अशीच तिथल्या माणसांची श्रद्धा आहे. तेव्हा ‘चालत नाही’ असे कोणी म्हणाले की ‘कोणाकडे चालत नाही?’ असे आपण मनातल्या मनात विचारावे. उत्तर बहुधा एखाद्या घराचे, एखाद्या आजेसासूचे निघते. त्या घराचा आणि त्या आजेसासूचा मान राखावा. पण एका घराची रीत म्हणजे देवीची आज्ञा असे समजू नये.

या दृष्टीने पाहिले तर सासूबाईंच्या म्हणण्यालाही शास्त्राचा आधार आहे असे मला वाटत नाही, परंतु त्यामागच्या भावनेला आधार आहे आणि ती तुम्ही समजून घ्यायला हवी. लग्न होऊन आल्यापासून ज्यांनी ते चार खडे निगुतीने पुजले, त्यांच्या घरात एकदम भरजरी साड्या, दागिने, मखर, दिव्यांच्या माळा आणि बघायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली तर त्या खड्यांची जागा कोपऱ्यात जाईल, अशी भीती त्यांना वाटत असणार. ती रास्त आहे. त्यांच्या संमतीवाचून माहेरचे मुखवटे पुण्याच्या घरात आणू नका. त्यांना आधी सांगा की खड्यांच्या गौरी आहेत तिथेच, तशाच आणि त्यांच्याच हातून व्हायच्या आहेत, आणि मग या बाबतीत त्यांचाच सल्ला मागा.

लेकीकडे कुळाचार जात नाही, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. गौरी सासूकडून सुनेकडे गेल्या, कारण घर, शेत आणि धान्याची कणगी मुलांकडे राहिली आणि मुलगी दुसऱ्या गावी गेली. सण करायला घर लागते, धान्य लागते आणि राबणारे हात लागतात. जिथे ती तिन्ही होती तिथे सण राहिला. ती परिस्थिती आता पालटली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना पहिल्या वर्गाचे वारस मानले. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला आणि वडील त्या दुरुस्तीच्या आधी वारले असले तरी तो हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. देवघराचा निवाडा कायद्याच्या पुस्तकातून करू नये आणि काकांपुढे तर ही भाषा मुळीच काढू नये. पण लेक परक्या घरची ही समजूत समाजाने आणि कायद्याने किती मागे टाकली आहे, हे तुमच्या स्वतःच्या मनाला ठाऊक असावे म्हणून हे सांगितले. शिवाय गौर ही कोण, याचा जरा विचार करा. ती माहेरवाशीण आहे. तीन दिवसांसाठी लेक घरी आली म्हणून आपण तिला सोन्याच्या पावलांनी आत घेतो, तिला जेवू घालतो, तिची ओटी भरतो. आणि त्याच तीन दिवसांत घरच्या लेकीला ‘तुझा या देवीशी संबंध नाही’ असे सांगतो. हे सांगणाऱ्यांनी याचा कधी शांतपणे विचार केला असेल, असे मला वाटत नाही.

सर्वांत दुखरा भाग अर्थातच आईंना आत थांबायला सांगण्याचा आहे. वर्षातले इतर सगळे दिवस त्या घरातल्या देवघरात अन्नपूर्णेला आणि बाळकृष्णाला न्हाऊ कोण घालते? दिवा कोण लावते? त्यांच्या हातचे पुरण नैवेद्याच्या ताटात चालते आणि त्या स्वतः त्या ताटासमोर चालत नाहीत, हे मला कोणत्याही श्रद्धेच्या आधारे समजून घेता येत नाही. विधवांचे केशवपन हीदेखील एके काळी अशीच न हलणारी रूढी होती. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्यांनी ठरवले. पुढे मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनाला १०० वर्षे होत असताना, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की पती निधन पावल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात होऊ द्यायचे नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका ठरावाने माणसांची मने बदलत नाहीत, हे खरे आहे. पण या दोन्ही गोष्टींत मला महत्त्वाचे वाटते ते असे की रूढी ज्यांच्या हातून घडत होती, त्यांनीच आपला हात मागे घेतला. गेल्या वर्षी तुमच्या माहेरी हळदीकुंकवाचा करंडा कोणाकोणाच्या हातांतून फिरला, हे आठवून पाहा. काकूंच्या, शेजारणींच्या, आणि बहुधा तुमच्याही. तुम्हाला अपराधी वाटावे म्हणून मी हे लिहीत नाही. इतरांची परवानगी मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही, एवढेच दाखवायचे आहे. आईंना चालणार असेल, तर यंदा पहिले कुंकू तुम्ही लावा.

चालणार असेल तरच, हे मी मुद्दाम लिहिते. त्या ‘नको गं, आता सवय झाली’ असे म्हणतील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर आग्रहाने त्यांच्या कपाळाकडे हात नेऊ नका. वीस-पंचवीस बायकांच्या देखत त्यांना आपल्या विचारांचे उदाहरण करणे हाही त्यांना न विचारता घेतलेला निर्णयच ठरेल. त्यांना गजरा द्या, ओटी भरा, पाटावर मानाने बसवा, आरतीचे तबक त्यांच्या हातात द्या. कुंकवाचा प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतो. आणि एक करून पाहा: आमंत्रणे करताना सवाष्णींची यादी काढूच नका. गल्लीतल्या ज्या बायकांशी आईंचे जाणे-येणे आहे त्या सगळ्यांना बोलवा. त्यांत यजमान गेलेली शेजारीण असेल, लग्न न केलेली शिक्षिका असेल, नवऱ्यापासून वेगळी राहणारी मावसबहीण असेल. अशा तिघी-चौघी आल्या की आईंना एकटे पडल्यासारखे वाटणार नाही आणि सगळ्यांच्या नजराही त्यांच्या एकटीवर राहणार नाहीत.

काकूंना वाईट ठरवू नका. त्यांनी आईंना आत थांबवले ते बहुधा द्वेषाने नव्हे, धास्तीने. रीत चुकली तर आपल्या कुंकवाला काही होईल, ही भीती त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या मनात लहानपणापासून घातलेली आहे, आणि अशी भीती कोणी वाद घालून काढू शकत नाही. म्हणून ऐन आवाहनाच्या वेळी दारात वाद होऊ देऊ नका. आईंचा निर्णय झाला की काकांना आधीच फोन करून सांगा: ‘काका, यंदा पूजेला आई बसणार आहे. तुम्ही दोघे घरातले वडीलधारे आहात, आवाहनाला तुम्ही हवेच आहात.’ परवानगी मागू नका. कळवा, आणि आग्रहाने बोलवा. ते आले तर उत्तम. नाही आले तर सण झाल्यावर तुम्ही स्वतः फुलोऱ्यातल्या करंज्या-लाडू घेऊन सोलापूरला जाऊन या. मात्र केवळ वाद नको म्हणून मुखवटे चुलतभावाच्या हवाली करू नका. एकदा दिलेले मुखवटे परत मागणे म्हणजे काय, हे भावकीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आईंनी स्वतः होऊन ‘पुतण्याकडेच जाऊ देत’ असे म्हटले, तर ती गोष्ट वेगळी आणि मग तुम्हालाही ती मनापासून मानावी लागेल. गुरुजींकडे जाल तेव्हा ‘हे चालेल का’ असे विचारण्यापेक्षा ‘आई पूजा करणार आहे, कशी सांगाल’ असे विचारा. एका गुरुजींना अवघड वाटले, तर दुसरे मिळतात.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत निकडीचे आहे. मुले सण शिकतात ती पाहून. तीन दिवसांत तिने आजीला राबताना पाहिले, मग आत थांबताना पाहिले, आणि विचारल्यावर सगळी मोठी माणसे गप्प झालेली पाहिली. उत्तर दिले नाही तर ती स्वतःच ते तयार करील, की आजोबा गेले यात आजीचे काहीतरी चुकले असणार, किंवा आपल्या घरातल्या काही गोष्टी विचारायच्या नसतात. ‘आजीला कुंकू आवडत नाही’ असे खोटे सांगू नका. तिला तिच्या भाषेत खरे सांगा: पूर्वी लोकांनी असा नियम केला होता की आजोबा गेले की आजीने कुंकू लावायचे नाही, तो नियम आजीला दुःख देणारा होता, त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, तू विचारलेस ते बरोबर केलेस. आणि यंदा तिला आजीच्या हाताखाली एक ठरलेले काम द्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढायचे काम नऊ वर्षांच्या मुलीला छान जमते.

आईंनी होकार दिला तर निदान यंदा तरी महालक्ष्म्या गावीच बसवा, असे माझे मत आहे. कोठ्या तिथे आहेत, मखराच्या खुंट्या तिथल्या भिंतीत आहेत, आईंना ओळखणाऱ्या बायका तिथे आहेत. पुण्यात आई लेकीच्या घरी पाहुण्या असतील, तिथे त्या घरच्या मालकीण आहेत. तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलगी तीन दिवसांची रजा काढून जा. खड्यांच्या गौरीही त्याच दिवसांत येतात, त्यामुळे सासूबाईंना एकटे वाटू नये म्हणून पुण्यातल्या पूजनाला त्यांच्या सोबतीला कोण असेल, हे आधीच ठरवून ठेवा. त्यांची हरकत नसेल तर खडे बरोबर घेऊन त्यांनाही गावी येण्याचा आग्रह करा. स्वयंपाकाचा पसारा मात्र आवरा. बहुतेक घरांतले कुळाचार अश्रद्धेपेक्षा थकव्यामुळे बंद पडतात. सोळा भाज्या सोळा पातेल्यांत कराव्या लागत नाहीत, अनेक घरी त्या एकत्र करून एकच भाजी करतात. पुरणपोळ्या बाहेरून आणल्याने देवी रुसत नाही. पुरण वाटायला, पंगत वाढायला, भांडी आवरायला पुरुषांनी हात लावला तरच हा सण पुढच्या पिढीत टिकेल.

आणि शिकून घ्या, ताई. मुखवटे कोणाकडे जाणार याची सगळ्यांना काळजी आहे. आईंच्या हातात जे आहे ते कोणाकडे जाणार, याची कोणालाच दिसत नाही. कोठीवर साडी नेसवताना निऱ्या कुठे टाचायच्या म्हणजे तीन दिवस घडी मोडत नाही, पदर खांद्यावर बसावा म्हणून आत सुती कापडाची चुंबळ किती जाड लागते, ज्वारीचे पीठ आदल्या रात्री ताकात किती भिजवले की आंबील गुठळ्यांवाचून शिजते, सोळा पदरांच्या दोऱ्याला गाठी कशा घालायच्या, हे कोणत्याही पोथीत तुमच्या घरच्या पद्धतीने लिहिलेले नाही. आई नेसवत असताना शेजारी बसून तुम्ही पाहिले आहे. यंदा धाकटीला, म्हणजे कनिष्ठेला, तुम्ही नेसवा आणि आईंना फक्त सांगू द्या.

भावाच्या ‘विसर्जन करा’ या बोलण्याने तुम्ही दुखावलेल्या दिसता. मला त्यात अनादरापेक्षा असहायता अधिक दिसते. दूर राहणाऱ्या मुलाला आईवर पडणारा भार दिसतो आणि तो स्वतः उचलता येत नाही, म्हणून त्याला भारच नाहीसा करावासा वाटतो. त्याला कामात घ्या. आईंची कृती आणि प्रमाणे फोनवरून विचारून लिहून काढायचे काम त्याच्याकडे द्या. आठवड्यातून एकदा तेवढ्यासाठी तो आईशी बोलेल, तेही काही कमी नाही. मुखवट्यांचे कायमचे काय करायचे, ते या वर्षीच्या विसर्जनानंतर आई, तो आणि तुम्ही मिळून ठरवा. सण तिथीपेक्षा नक्षत्रावर चालतो, तेव्हा पंचांगात अनुराधा कोणत्या दिवशी आहे ते आजच पाहून घ्या, कचेरीत रजेचा अर्ज द्या, आणि भावाला सुट्टी मिळण्याजोगी असेल तर तिकीट काढण्याआधीच त्याच्या कानावर तारखा घाला.